‘कालचंच’ म्हणणारे अण्णा

चहाच्या टपरीवर गेल्यावर अण्णा एकच शब्द बोलत. "कालचंच."

टपरीवाल्या चाचाला तो पुरायचा. कालचंच म्हणजे अर्धा कप, साखर कमी, आलं नको आणि बशीत दोन उस्मानिया बिस्किटं. कधी फरक हवा असला तर अण्णा म्हणत, "कालचंच, बिस्किट एक." चाचा हसायचा. म्हणायचा, "साब, तुमारे जैसे दस गिराइक आए तो मैं बोलनाच भूल जातूं."

एकदा चाचा गावाला गेला आणि टपरीवर त्याचा मेहुणा बसला. अण्णा सवयीनं "कालचंच" म्हणून बाकावर टेकले. मेहुण्याला काही कळलं नाही. वेडा समजून त्यानं सोडून दिलं. पंधरा मिनिटांनी अण्णा चहा न पिताच वर ऑफिसात आले. मी म्हटलं, "अण्णा, त्याला नीट सांगायचं की सगळं."

"सांगितलं अस्तं," अण्णा म्हणाले. "पण त्यानं इचारलंच न्हाई."

ऑफिस म्हणजे गुलबर्ग्यात स्टेशनच्या मागं, तुरीच्या डाळीच्या गोदामावरच्या तीन खोल्या. जिन्यात डाळीची पिवळी भुकटी पसरलेली असायची. वर येईपर्यंत चपलांचे ठसे उमटायचे. माझं इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं. बरोबरची मुलं हैदराबाद नाही तर बेंगळूरच्या गाड्या पकडत होती. माझे वडील बिदरजवळ नौबादला शाळेत मास्तर. मुलीनं एवढ्या लांब जाऊ नये असं त्यांचं म्हणणं. गुलबर्ग्यात आत्या राहायची, म्हणून इथं नोकरी धरायला परवानगी मिळाली. मालक हैदराबादहून परतलेले, उत्साही गृहस्थ. त्यांनी एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम घेतलं होतं. गुलबर्ग्यातला मोठा दवाखाना आणि खेड्यापाड्यातली त्याची लहान केंद्रं इंटरनेटवरच्या टेलिफोननं जोडायची होती. मोबाईलचा टॉवर तेव्हा गावोगावी पोचला नव्हता आणि खेड्यातला साधा फोन पाऊस पडला की महिनाभर मुका व्हायचा.

या कामाचं डोकं म्हणजे अण्णा. वय पन्नाशीचं, अंग शिडशिडीत, कानावर लाल पेन्सिल. बिदरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वीस वर्षं मेकॅनिक होते. कॉम्प्युटर ते स्वतःच शिकले. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. मॅट्रिक होईपर्यंत सुट्ट्यांत तेही कळपामागं हिंडलेले. कुणी फार बोलायला लागलं की तळहात वर करून म्हणत, "साकु." कन्नडात साकु म्हणजे पुरे. मी एकदा चिडून विचारलं, बोलण्याचा एवढा कंटाळा कामून? म्हणाले, "दोन माळांवरून एकमेकाला हाक मारायची तर माणूस फालतू बोलत न्हाई पोरी. घसा आपलाच असतो."

मशीनं तापू नयेत म्हणून थंड ठेवलेल्या खोलीत ते घरच्या लोकरीचं काळं घोंगडं पांघरून बसत. बाहेर गुलबर्ग्याचं ऊन आणि आत घोंगडं घेतलेला माणूस. दवाखान्याचे लोक पाहणीला आले तेव्हा मालकांनी हळूच विनंती केली, "अण्णा, ते घोंगडं तेवढं…" अण्णांनी घोंगडं काढून मशीनवर पांघरलं. म्हणाले, "थंडी दोघांपैकी एकाला लागणारच."

आमचं काम नेमकं काय, ते सांगितलं पाहिजे. इंटरनेटवरच्या टेलिफोनमध्ये घंटी वाजण्याआधी दोन्हीकडची मशीनं एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात. कोण बोलतंय, कुणाला हवंय, पत्ता काय, आवाज कुठल्या पद्धतीनं पाठवू. एकेक चिठ्ठी पानभर, आणि एका फोनला अशा सहा-सात चिठ्ठ्या. खेड्याकडं जाणारी आमची रेडिओ लहरींची वाट इतकी बारीक होती, की चिठ्ठ्या पोचून घंटी वाजायला सात-आठ सेकंद लागत. तेवढ्यात सिस्टर फोन ठेवून द्यायच्या. त्यांना वाटायचं, लागलाच नाही.

अण्णांनी पहिल्याच आठवड्यात या चिठ्ठ्या लांब कागदावर छापून घेतल्या आणि जमिनीवर अंथरल्या. मग गुडघ्यांवर बसून, जे जे पुन्हा आलंय त्याखाली लाल रेघा मारत गेले. दुपारपर्यंत सगळा कागद लाल झाला. "बग," मला म्हणाले. "ह्ये मशीन दर बारीला आपलं नाव, गाव, गोत्र सांगायलंय. कामून? कालच सांगितलं की."

उपाय त्यांनी टपरीवरचाच काढला. नेहमीच्या शब्दांची एक यादी दोन्ही बाजूंना ठेवायची आणि शब्दाऐवजी यादीतला आकडा पाठवायचा. शिवाय प्रत्येक केंद्राची शेवटची चिठ्ठी आमच्या ऑफिसातल्या मुख्य मशीननं, म्हणजे सर्व्हरनं, लक्षात ठेवायची. पुढच्या वेळी केंद्रानं फक्त बदललेलं तेवढंच सांगायचं. पानभर मजकूर दीड-दोन ओळींवर आला. घंटी सेकंदाभरात वाजायला लागली. ज्या दिवशी पहिल्यांदा वाजली, त्या दिवशी मालकांनी पेढे आणले. अण्णांनी एक उचलला आणि म्हणाले, "साकु."

आकड्यांची ही युक्ती त्यांनी घरीही वापरली होती. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, भालकीकडच्या त्यांच्या गावी शेत सांभाळत. अण्णा गुलबर्ग्यात खोली घेऊन राहात. गावी फोन नव्हता, म्हणून पोस्टकार्डं. अण्णांनी लग्नानंतर एक यादी करून कोनाड्याजवळ चिकटवली होती. एक म्हणजे सगळं ठीक. दोन, पाऊस झाला. तीन, तब्येत बरी नाही. चार, येत्या रविवारी येतो. अशा दहा ओळी. त्यामुळं अण्णांच्या पोस्टकार्डावर पत्त्याखेरीज 'एक, चार' एवढंच असायचं. काकूही तशाच उत्तर द्यायच्या. एकदा काकूंचं कार्ड आलं, त्यावर फक्त 'अकरा'. यादीत अकरा नव्हताच. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. काम टाकून मिळेल त्या गाडीनं गावी गेले. काकू अंगणात निवांत शेंगा निवडत बसलेल्या.

"अकरा म्हंजी काय गं?"

"अकरा म्हंजी पुरं करा हे आकडे. दोन ओळी नीट ल्ह्या बायकोला."

हे सगळं अण्णांनीच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पुढं दोन ओळी लिहायला लागले की नाही, ते मी विचारलं नाही.

आता जे सांगायचं आहे, ते मला इतक्या सहज सांगता येत नाही.

अण्णांची एक वही होती. उरलेली कामं तीत लिहायची, ज्याच्याकडं काम त्याचं नाव पुढं, आणि काम झालं की त्यानं स्वतः खूण करायची. एका ओळीत त्यांनी लिहिलं होतं, 'आठवण जुळली नाही तर पूर्ण चिठ्ठी मागणे.' पुढं माझं नाव. म्हणजे असं, की केंद्र म्हणालं 'कालचंच' आणि सर्व्हरला कालचं काही आठवत नसलं, तर त्यानं गप्प न बसता सांगायचं, मी विसरलोय, सगळं पहिल्यापासून सांग. मला हे काम बिनमहत्त्वाचं वाटलं. सर्व्हर विसरेलच कशाला? चाचणीच्या काळात आम्ही रोज संध्याकाळी सगळी मशीनं एकदम बंद करत होतो, म्हणून अशी वेळ कधी आलीच नव्हती. उद्घाटनाची घाई होती. प्रोग्राममध्ये त्या कामाच्या जागी मी 'नंतर' एवढा एक शब्द लिहून ठेवला आणि वहीत खूण करून टाकली.

उद्घाटन झालं. दीड महिना सगळं सुरळीत चाललं. एका दुपारी अण्णा केस कापायला गेले होते. एका नव्या केंद्राचं नाव घालायचं होतं, म्हणून मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. दोन मिनिटांचं काम. सगळे हिरवे दिवे लागले. मी डबा उघडला.

दिवे हिरवे होते, पण सर्व्हरच्या आठवणी पुसल्या गेल्या होत्या. केंद्रं आपली दीड-दोन ओळींच्या चिठ्ठ्या पाठवत राहिली, आणि सर्व्हर न समजलेली प्रत्येक चिठ्ठी मुकाट्यानं टाकून देत राहिला.

तासाभरानं ऑफिसचा साधा फोन वाजला. बसवकल्याणच्या दवाखान्यातून कोहिनूर गावच्या केंद्राची सिस्टर बोलत होती. शांताक्का तिचं नाव. आवाज फाटलेला. "तुमचा फोन मेलाय का वो? कवापासून लावत व्हते मी!" एक बाळंतीण अडली होती, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांना विचारायचं होतं, गाडी बोलवायची होती. दोन्हीसाठी तो एकच फोन. शेवटी तिनं रस्त्यावर एक टेम्पो अडवला आणि बाईला त्यात घालून बसवकल्याणला नेलं. बाई वाचली. बाळ गेलं.

अण्णा केस कापून आले. मी सांगितलं ते उभ्या उभ्याच ऐकलं, पडद्याकडं बघितलं. "आठवण गेली," एवढंच म्हणाले. मग गावोगावच्या किराणा दुकानांत, पोस्टात, जिथं साधा फोन चालू होता तिथं ते फोन करत राहिले. कुणीतरी केंद्रात जाऊन तिथली आमची फोनची पेटी बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे ती सगळं पहिल्यापासून सांगेल, एवढंच सांगायचं होतं. त्या दोन तासांत ते जेवढं बोलले, तेवढं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

मालकांनी दवाखान्याला कळवलं, वीज गेल्यामुळं बिघाड झाला. डॉक्टरांनी फार ताणलं नाही. बाई लवकर पोचली असती तरी बाळ वाचलं असतं का, हे सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आमच्यापुरतं प्रकरण मिटलं.

अण्णा दोन दिवस सर्व्हरच्या नोंदी छापून वाचत बसले. वहीही त्यांच्या पुढ्यात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "कोहिनूरला जायलोय. येतीस?"

घर गावाच्या कडेला होतं, पत्र्याचं. दारात शेळी बांधलेली. आत ती मुलगी भिंतीला टेकून बसली होती, माझ्याच वयाची. बाळंतिणीसारखे कान फडक्यानं बांधलेले, आणि मांडी रिकामी. सासू होती. नवरा ट्रॅक्टरवरून नुकताच आलेला, हातपाय धूत होता. सासूनं आम्हाला पोतं टाकून दिलं, पाणी दिलं.

आणि अण्णा बोलायला लागले. मशीन काय करतं, चिठ्ठ्या कशा जातात, आपण त्या लहान का केल्या, मशीन काय विसरलं, विसरल्यावर त्यानं काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही. एकही शब्द त्यांनी गाळला नाही. कळलं नाही असं वाटलं की पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाले, "वीज गेली न्हवती. चूक आमची व्हती. काम माझ्या हाताखालचं, म्हंजी माझी."

नवरा ताडकन उठला. "आता सांगून काय व्हणार?"

"काय न्हाई व्हणार."

"मग आलाव कामून?"

"तुमाला कुणी खरं सांगितलं न्हाई म्हणून."

तो बाहेर गेला. शेळीजवळ पाठ करून उभा राहिला. सासू म्हणाली, "मशीनचं आमाला काय कळतंय बाबा. देवानं नेलं."

भिंतीशी बसलेल्या मुलीनं मान वर केली. "सिस्टरनं फोन लावला व्हता का, का लावलाच न्हाई?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. अण्णांना कळला. गावात सगळे म्हणत होते, की सिस्टरनं हयगय केली, फोन लावलाच नाही आणि आता मशीनवर ढकलायलीय. तिच्याकडं सुई घ्यायलाही कुणी येईना. ती बदली मागायच्या विचारात होती.

अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्यासमोर जमिनीवर पसरला. लाल रेघा मारलेल्या होत्या. "वाचता येतंय का?"

"व्हय. सातवी झालेय."

"ह्या सिस्टरच्या चिठ्ठ्या. आमच्या मशीननं टाकून दिलेल्या. टाकून दिल्याची नोंद ऱ्हाती. ही वेळ बग. मोज."

तिनं बोट ठेवून मोजलं. ओठ हलत होते. "चौदा."

"चौदा बार लावला तिनं. शेवटचे चार तर मिनटामिनटाला."

मुलीनं तो कागद उचलून उराशी धरला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, असं सासू नंतर म्हणाली, मोठ्यानं रडली. नवरा आत आला. सासूनं त्याला सांगितलं, "जा, त्या अक्काला बोलवून आण. लई वंगाळ बोललाव तिला."

शांताक्का आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. सासूनं आपल्या बुडाखालचं पोतं काढलं, झटकलं, अंथरलं आणि म्हणाली, "बस." सिस्टर बसली, आणि दोघी एकमेकींचे हात धरून बसून राहिल्या.

एवढा सगळा वेळ मी तिथं होते. एक शब्द बोलले नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. हुमनाबाद मागं पडल्यावर मी म्हटलं, "अण्णा, ते वहीतलं…"

ते माझ्याकडं वळले. बस खडखडत होती. ते थांबले, नेहमीसारखं 'साकु' म्हणाले नाहीत.

"वहीतलं उरलेलं उद्या करते," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि पुढं बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ते काम पुरं केलं. 'मी विसरलो' अशी एक लहानशी चिठ्ठी आता सर्व्हर पाठवू लागला, आणि ती मिळाली की केंद्र सगळं पहिल्यापासून सांगू लागलं. त्यासाठी केंद्राला आपली शेवटची पूर्ण चिठ्ठी जपून ठेवावी लागे, आणि प्रत्येक चिठ्ठीत थोडी भर पडे. पुढं बेंगळूरची एक कंपनी आमची पद्धत विकत घ्यायला आली. त्यांच्याकडं दुसऱ्या कुणाची पद्धत होती, तिच्या चिठ्ठ्या आमच्याहून लहान. मालकांनी अण्णांना हात जोडले, दाखवण्यापुरतं तरी ते 'विसरलो' काढून टाका. अण्णा म्हणाले, "त्यांना इचारा, तुमचं मशीन इसरल्यावर काय करतं?" पाहुण्यांनी विचारलं, ते कशाला विसरेल? अण्णा घोंगडं घेऊन आत निघून गेले. सौदा झाला नाही. दोन वर्षांत मोबाईल सगळीकडं पोचला, केंद्रांतल्या पेट्या निघाल्या आणि मालकांनी ऑफिस बंद केलं. मी त्याआधीच बेंगळूरला गेले होते.

तिथं माझं बरं चाललं. चुका कशा हाताळाव्यात यात मी तरबेज आहे, अशी माझी ख्याती झाली. एका बैठकीत नव्या मुलांना मी कोहिनूरची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या एका सीनियरची चूक होती." टेबलाभोवती सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि पुढंही बरेच दिवस नीट जाईना.

दोन हजार बारा साली मावसबहिणीच्या लग्नाला भालकीला गेले, तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या गावी गेले. अण्णा वाळले होते, पण पाठ ताठ होती. पडवीत बसून शेंगा फोडत होते. काकू आत स्वयंपाक करत होत्या. ख्यालीखुशाली झाली. अण्णांनी थोड्या शेंगा माझ्या पुढ्यात सारल्या.

मी म्हटलं, "अण्णा, कोहिनूरची चूक तुमची नव्हती. ते काम मी केलंच नव्हतं. न करता वहीत खूण केली होती."

त्यांचे हात थांबले नाहीत. "व्हय," म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी बघितलं व्हतं."

"मग बोललाव कामून न्हाई? सात वर्षं?"

"त्या दिवशी बसमधी तू बोलायलीस असं वाटलं मला. न्हाई बोललीस. मग वाटलं, उद्या बोलंल." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले. "मग तू बेंगळूरला गेलीस."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. काकू दारात येऊन बघून गेल्या.

"मला सांगितलीस, बरं केलीस," अण्णा म्हणाले. "पण मला सांगून काय? माझं काय गेलं व्हतं?"

मी डोळे पुसले. "ते लोक अजून तिथंच आहेत?"

"हायत. तिला दोन लेकरं झाली. वर्साकाठी जातो मी एकदा." ते उठले, धोतराला लागलेली टरफलं झटकली. "बसवकल्याणची गाडी दोनला हाय."

आतून काकू ओरडल्या, "अवो, ताटं वाढायलेय मी!"

"आल्यावर जेवतो!"

"तुम्ही कशाला, अण्णा? मी एकटी जाते," मी म्हणाले.

"घर सापडायचं न्हाई तुला. आता तिथं चार घरं नवी झाल्यात." ते खाली बसून चप्पल घालू लागले. पट्टा लावता लावता म्हणाले, "पण बोलायचं तू. सगळं. मी काय बी बोलणार न्हाई."

गाडी दोनला आली. आम्ही चढलो.